आम्ही पेशंट पार्टनर

आमच्या ग्रुपच्या मीटिंगचं इतिवृत्त मी लिहिते. गेली चार वर्षं. फाइल चांगली जाडजूड झालीये, पण खरं सांगू? त्यात वाचण्यासारखं काही नाही. 'सदर विषयावर सविस्तर चर्चा झाली.' 'सदस्यांनी आपापले अनुभव मांडले.' संपलं! जे खरं घडतं ते कुठल्याच मुद्द्यात बसत नाही. ते चहा येईपर्यंत घडतं, नाहीतर जिन्यात, नाहीतर मीटिंग सुटल्यावर गाडीची वाट बघताना. असे किस्से मुद्दाम कोणी जमवत नाही. फ्रीजच्या मागे धूळ साठते तसे ते साठत जातात. आणि ज्यांच्याबरोबर बसून हसायचं ती माणसं एकेक करून कमी झाली, की ते एकटीच्याच अंगावर येतात. म्हणून म्हटलं, सांगून टाकावेत.

आधी ग्रुप कसला ते सांगते. मी दर्शना, रेवदंड्याची. विसाव्या वर्षी मला लिम्फोमा झाला, म्हणजे गाठींचा कॅन्सर. मुंबईला जाऊन केमो घेतले, बरी झाले, अलिबागला एका कॉलेजच्या ऑफिसात कामाला लागले. मग एक दिवस फोन आला. मुंबईतल्या काही डॉक्टरांना एक संशोधन करायचं होतं. रायगडच्या किनाऱ्यावरची तरुण मुलं कॅन्सरचे उपचार अर्ध्यात का सोडतात? आणि हे संशोधन त्यांना 'आमच्यावर' नाही, 'आमच्याबरोबर' करायचं होतं. प्रश्न आम्ही ठरवायचे, फॉर्म आम्ही तपासायचे, निष्कर्ष आम्ही वाचायचे. आम्हाला नाव दिलं होतं 'पेशंट पार्टनर'.

सुरुवातीला आम्ही सात जण होतो.

* * *

पहिली मीटिंग माणगावला ठेवली. का, तर मुंबईच्या मोठ्या सरांनी नकाशा बघून 'मध्यवर्ती ठिकाण' काढलं. मी रेवदंड्याहून दोन गाड्या बदलून पोचले. समीना बोर्ली पंचतनहून आली, तिच्याही दोन गाड्या. निलेश पेणजवळच्या खाडीकाठच्या गावातला, तो हायवेने चुलतभावाच्या डंपरमध्ये बसून आला.

"मध्यवर्ती म्हणजे काय ते आज कळलं," समीना घाम पुसत म्हणाली. "सगळ्यांना सारखंच लांब!"

अनघा मॅडम मुंबईहून आल्या होत्या. संशोधनाचं सगळं काम त्याच बघायच्या. चेहरा असा की आपल्यालाच त्यांची काळजी वाटावी. मोठे सर लॅपटॉपवर ऑनलाइन होते. मॅडमनी पार्टनर म्हणजे काय ते अर्धा तास समजावलं. समान भागीदारी, परस्पर आदर, वगैरे वगैरे.

निलेश तेव्हा एकोणीस वर्षांचा. हाडाच्या कॅन्सरमुळे डावा पाय मांडीपासून काढलेला, काखेत कुबड्या. त्याने हात वर केला.

"मॅडम, आमच्या डंपरवर पन पार्टनर असतो. ड्रायव्हर गाडी चालवतो. पार्टनरचा काम एकच, ड्रायव्हरला झोपू द्यायचा न्हाय!"

मॅडम हसल्या, आणि त्यांनी ते वहीत लिहूनही घेतलं. दहा मिनिटं झाली नसतील, लॅपटॉपमध्ये मोठ्या सरांची हनुवटी छातीला टेकली. निलेशने आमच्याकडे बघितलं, स्क्रीनपाशी वाकला आणि डंपरचा हॉर्न काढला, "पोंऽऽऽ!"

सर दचकून ताठ बसले. "येस, येस! आय अ‍ॅग्री!"

निलेश माझ्याकडे वळला. "ताय, सर पन आगरी हायत?"

इतिवृत्तात मी लिहिलं, 'सरांनी सहमती दर्शवली.'

* * *

पहिले दोन महिने मीटिंग पहिल्या मजल्यावर व्हायची. लिफ्ट नव्हती. जागा ठरवताना हे कोणाच्या लक्षातच आलं नाही, आणि निलेश काही बोलला नाही.

तिसऱ्या महिन्यात मॅडम लवकर आल्या आणि जिन्याखाली उभ्या राहून फोनवर बोलत होत्या. तेवढ्यात निलेश आला. त्याने कुबड्या माझ्याकडे दिल्या, जिन्याकडे पाठ केली, पायरीवर बसला आणि हाताने रेटा देत एकेक पायरी मागे मागे चढायला लागला. पंधराव्या पायरीला वर पोचला, पँट झटकली, कुबड्या मागितल्या.

मॅडमचा फोन तसाच हातात. डोळे भरलेले. "निलेश, सांगायचं नाही का रे?"

"तुमी इचारलं न्हाय," तो म्हणाला. "मना वाटला ह्यो पन रिसर्चमदी हाय."

पुढच्या महिन्यापासून आम्ही तळमजल्यावर बसायला लागलो. वर्षाच्या शेवटी अहवाल आला, त्यात एक स्वतंत्र पान होतं. 'युवा सहभागामुळे घडून आलेले बदल.' त्याखाली एकच मुद्दा होता, 'बैठकीची जागा तळमजल्यावर हलवण्यात आली.'

त्या वर्षी तेवढंच बदललं होतं. माणसं मात्र आम्ही पाच राहिलो होतो.

* * *

मग एथिक्स कमिटीचं पत्र आलं. कमिटी म्हणजे संशोधनात कोणावर अन्याय होत नाही ना, हे बघणारी मोठी माणसं. त्यांना आमची काळजी वाटली. सदस्य आजारी आहेत, प्रवास करतात, त्यांना हे झेपतंय का? तेव्हा प्रत्येकाने डॉक्टरकडून फिटनेस सर्टिफिकेट आणावं!

"कॅन्सर आहे म्हणून ग्रुपमध्ये घेतलं," समीना म्हणाली, "आणि आता कॅन्सर नाही असं लिहून आणायचं?"

मी रेवदंड्याच्या डॉक्टरांकडून आणलं. ते मला लहानपणापासून ओळखतात, न तपासता सही करून दिली. समीनाने बोर्लीहून आणलं. निलेशच्या गावातले डॉक्टर म्हातारे, सरळमार्गी. त्यांना खोटं लिहायचं नव्हतं, आणि पोराला नाराजही करायचं नव्हतं. त्यांनी बराच वेळ पेन चावलं आणि लेटरहेडवर लिहून दिलं:

'प्रमाणित करण्यात येते की सदर इसमाची प्रकृती उत्तम आहे. फक्त कॅन्सर आहे.'

कमिटीने ते मंजूर केलं!

पुढे कित्येक महिने निलेशला कुणी "कसा आहेस?" विचारलं की तो छाती काढून सांगायचा, "उत्तम! फक्त..." आणि आम्ही सगळे एका सुरात ते वाक्य पुरं करायचो. चहावाला पण करायचा.

* * *

एकदा आम्हाला मुंबईला एका मोठ्या हॉटेलात नेलं. 'आरोग्य संशोधनात युवकांचा सहभाग' असा काहीतरी कार्यक्रम होता. आम्हाला बोलायला पाच मिनिटं होती. त्यातली तीन आमची ओळख करून देण्यात गेली. उरलेल्या दोन मिनिटांत मी आभार मानले.

मग फोटो. फोटोग्राफर तरुण होता, घाईत होता. त्याने निलेशला मधे उभं केलं, कुबड्या नीट दिसतील अशा. मला जरा मागे ढकललं, कारण माझे केस आता पुन्हा लांब झालेत, मी काही कामाची नाही. समीनापाशी तो अडला. समीना नेहमी डोक्यावरून ओढणी घेते, केमोच्या आधीपासून, घरच्या रीतीप्रमाणे. तिचे केस तेव्हा गेलेलेच होते.

"ताई," तो हळूच म्हणाला, "ती ओढणी जरा काढाल का? म्हणजे... विषय कळेल."

समीनाचा आजार अंडाशयाचा. तिने त्याच्याकडे अगदी शांतपणे बघितलं.

"भाऊ, विषय माझ्या पोटात आहे. तुमच्या कॅमेऱ्यात येतो का बघा."

बिचारा इतका शरमला की सगळेच फोटो हलले. पुस्तिका छापून आली तेव्हा मुखपृष्ठावर आम्ही नव्हतोच. कुठल्या तरी परदेशातली गोरी, टक्कल केलेली लहान मुलगी होती. हातात फुगा. हसत होती.

समीनाने पुस्तिका उलटीपालटी करून बघितली. "ही आपल्या मीटिंगला कधी आली नाही," एवढंच म्हणाली आणि पर्समध्ये टाकली.

* * *

संशोधनाचा मुख्य प्रश्न होता, उपचार अर्ध्यात का सुटतात? मॅडमनी आम्हाला आपापलं कारण सांगायला लावलं. तासाभराने निलेश बोलला.

पाय काढल्यानंतरचे केमो चालू होते. एकदा मुंबईहून परतताना तो पनवेलला शेअरिंगच्या जीपमध्ये बसला. वाटेत उलटी झाली. पहिली त्याने पिशवीत झेलली. दुसरी शेजारच्या बाईच्या अंगावर गेली. गाडीतली माणसं ओरडायला लागली, "उतरवा त्याला, उतरवा!" ड्रायव्हरने हायवेला गाडी बाजूला घेतली.

"एक पाय, एक पिशवी, आनि वर ऊन," निलेश सांगत होता. "बाजूला टपरी होती. त्या मानसानं बादलीभर पानी दिला. मी शर्ट धुतला, तिथंच वालत घातला आनि उघराच बसून राहिलो. चुलतभाव गारी घेऊन येईपर्यंत दुपार टलली. पुरच्या तारखेला मी जेलोच न्हाय. त्याच्या पुरच्या पन न्हाय. आय बोल्ली दुखतंय का? मी बोल्लो, व्हय दुखतंय. आता उलटीची लाज वाटते असा कसा सांगनार?"

मॅडमनी शब्दन् शब्द लिहून घेतला. म्हणाल्या, "हे फार महत्त्वाचं आहे. हे आम्ही लेखात घेणारच."

घेतलं. सात-आठ महिन्यांनी लेख छापून आला, इंग्रजीत. मॅडमनी कौतुकाने प्रत्येकाला प्रत दिली. निलेशने ती माझ्यापुढे सरकवली.

"ताय, माझी उलटी कुठाय?"

मी पानं चाळली. पाचव्या पानावर एका चौकटीत, वरून तिसरी ओळ: 'ट्रान्सपोर्ट-रिलेटेड बॅरिअर्स'. मी त्यावर बोट ठेवलं. "ही."

त्याने त्या ओळीवरून बोट फिरवलं. मग कागद नाकापाशी नेला.

"इंग्लिशमदी वास न्हाय येत, ना?"

* * *

फॉर्म मराठीत आणायचं काम आमच्याकडे आलं तेव्हाची गोष्ट. एक प्रश्न असा होता: 'उपचारांपूर्वी आपणांस जननक्षमता जतनाविषयी अवगत करण्यात आले होते काय?'

"हा मराठी हाय?" निलेशने विचारलं.

मॅडमनी समजावलं. काही केमोंमुळे पुढे मूल होणं कठीण जातं. म्हणून केमो सुरू करण्याआधी मुलांचं वीर्य, मुलींची बीजं काढून साठवून ठेवता येतात. नेहमी जमतंच असं नाही, पण निदान विचारायला तरी हवं.

समीना पेन्सिलने टेबलावर रेघा मारत होती. ती थांबली.

"केमोच्या आधी?"

"हो."

"नंतर नाही चालत?"

मॅडमनी नकारार्थी मान हलवली. समीनाची सोयरीक नुकतीच ठरली होती. मुलगा कतारला होता. त्याच्या घरी एवढंच माहीत होतं, की पोटाचं एक ऑपरेशन झालंय. केमोनंतर तिची पाळी गेली ती परत आली नव्हती. हे मला तिने गाडीत एकदा सांगितलं होतं, खिडकीबाहेर बघत.

तिने फॉर्म पुढे ओढला आणि ती ओळ खोडली. वर स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'पुढे मूल व्हावं म्हणून केमोच्या आधी काही करता येतं, हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं का?'

"असं लिहा," ती म्हणाली. "म्हणजे कळेल."

मॅडम म्हणाल्या, "फार सुंदर झालं." आणि म्हटल्यावर त्यांचं त्यांनाच ऐकवेना. पाणी प्यायला म्हणून बाहेर गेल्या.

प्रश्न नीट कळतात का हे बघायला आम्ही तो फॉर्म आधी स्वतःच भरायचा होता. समीना माझ्या शेजारी बसून भरत होती. 'होय', 'नाही', 'आठवत नाही' अशा तीन चौकटी. तिने 'आठवत नाही' वर खूण केली.

चहाच्या वेळी मी तिला बाजूला घेतलं. "अगं, तुला तर कोणीच सांगितलं नव्हतं ना?"

"'नाही' लिहिलं की कुणाची तरी चूक होते, दर्शना," ती म्हणाली. "मग ती कुणाची, ते शोधत बसावं लागतं. अम्मी माझ्याजवळ होती, अब्बा रोज कुवेतहून फोन करायचे, डॉक्टर तर इतके चांगले होते. 'आठवत नाही' म्हटलं की त्यात कुणीच नाही. बरं असतं."

सोयरीक पुढे मोडली. मीटिंगमध्ये तिने ते सांगितलं नाही. अजेंड्यावर नव्हतं.

* * *

तोच फॉर्म मी घरी आईवर वापरून बघितला. घरच्यांसाठी वेगळा भाग होता ना! 'रुग्णाच्या आजारामुळे कुटुंबाच्या व्यवसायावर परिणाम झाला का?'

आमच्या दारात आई बोंबील सुकवते. बांबूच्या वलांड्यांवर ओळीने टांगलेले, सगळ्या आळीला वास. मला केमो चालू असताना तो वास आला की पोट ढवळायचं. मी काही म्हणाले नव्हते. पण त्या वर्षी आईने वलांड्या उतरवल्या आणि नागावकडे एका कॉटेजमध्ये पर्यटकांच्या चादरी धुवायला जायला लागली.

"नाय," आई म्हणाली. "कसला परिणाम?"

"आई, तू वर्षभर बोंबील सुकवले नाहीस!"

"त्या वर्षी बोंबील नव्हताच दर्यात," ती म्हणाली. "तुला काय म्हायत? तू तर झोपून असायचीस."

झोपून असायचे, बरोबर. माझी खाट खिडकीशी होती. समोर शेजाऱ्यांच्या वलांड्या दिसायच्या, वरपासून खालपर्यंत भरलेल्या.

मी 'नाही' वर टिक केली.

* * *

ग्रुपचं व्हॉट्सअ‍ॅप आहे. एकदा संस्थेकडून सूचना आली, 'निष्क्रिय सदस्यांना ग्रुपमधून काढावे.' गोपनीयतेचा नियम. मॅडम अ‍ॅडमिन, पण त्यांचं बोट चालेना. त्यांनी मीटिंगमध्येच विषय काढला. निष्क्रिय म्हणजे कोण, ते सगळ्यांना कळलं होतं. तोवर आमच्यातले चार जण गेले होते. आम्ही तिघंच उरलो होतो.

"राहू द्या," निलेश म्हणाला. "ते कुटं कुनाला त्रास देतात?"

त्या चौघांतल्या एकाचा फोन आता त्याची धाकटी बहीण शाळेच्या अभ्यासाला वापरते. मी मीटिंगची तारीख टाकली, की त्याच्या नंबरवरून अंगठा येतो. अजून येतो.

* * *

आता शेवटचा.

तिसऱ्या वर्षी निलेशचा आजार परतला, फुप्फुसात. डॉक्टरांनी नवीन उपचार सांगितले. पुन्हा मुंबई, पुन्हा बरेच महिने. 'बरं होईल' असं कोणी म्हटलं नाही, 'प्रयत्न करू' म्हणाले. त्याने दोन डोस घेतले, दोन्ही वेळा घरी आल्यावर आठवडाभर अंथरुणातून उठला नाही, आणि मग जाणं थांबलं.

नंतरच्या मीटिंगला तो आला, पण दोन वाक्यांमागे धाप लागत होती. आम्ही उपचार सुटण्याच्या कारणांची शेवटची यादी करत होतो. ती यादी घरोघरी वाचून दाखवायची, आणि लोकांना ती खरी वाटते का ते विचारायचं, असं ठरलं होतं. मॅडमनी त्याला विचारलं नव्हतं, तरी तो आपण होऊनच म्हणाला, "मीच बंद केला. कंटाला आला." आणि मग, "यादीत टाका ना, 'रुग्णाची स्वतःची इच्छा नव्हती.' एवढा तरी आपल्या नावावर असू दे."

मॅडमनी लिहिलं. त्याला गाडीत बसवून देताना समीनाने त्याच्या कुबड्या नीट आडव्या ठेवल्या आणि दार लावलं.

पुढच्या दोन मीटिंगला तो नव्हता. तिसरीच्या आधी चुलतभावाचा मेसेज आला.

त्यानंतरच्या पहिल्या शनिवारी आम्ही तिघी माणगावला बसलो होतो, मी, समीना आणि मॅडम. मोठे सर त्या दिवशी ऑनलाइनही नव्हते. मीटिंग घ्यावी की नको हेच ठरत नव्हतं. तेवढ्यात दारात एक बाई उभी राहिली. पन्नाशीची, उन्हाने रापलेली, काष्टा घातलेली, हातात कापडी पिशवी. चप्पल बाहेर काढून आत आली.

"निलेशची आय मी," ती म्हणाली. "मीटिंग हितंच असतं ना?"

आम्ही तिघी उठून उभ्या राहिलो. मॅडमनी खुर्ची दिली, पाणी दिलं. काकींनी पाणी घेतलं, पिशवी मांडीवर धरली आणि आमच्याकडे बघत बसल्या.

"त्यो बोलायचा, आय, मी न्हाय जेलो तं तिथला काम अरतं. मना घरी बसवना. म्हनून आलू. काय काम हाय ता सांगा."

"काकी, काम काही नाही," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही बसा फक्त. तुम्ही आलात तेच खूप आहे."

"काम न्हाय?" काकींनी विचारलं. "मंग त्यो एवढ्या लांब यायचा कशाला?"

मी फाइल उघडली. वर ती यादीच होती. म्हटलं, "काकी, आम्ही कारणं लिहिलीत. पोरांचे उपचार का सुटतात त्याची. घरच्या माणसांना वाचून दाखवायची, आणि खरी की खोटी ते विचारायचं. ऐकता का?"

"वाच."

मी वाचायला लागले. "गावातून सोबत जायला कोणी नव्हतं."

"न्हाय. पोरं व्हती."

"डॉक्टरांचं बोलणं कळलं नाही."

"व्हय. ते हलू बोलायचे. परत इचारायला लाज वाटायची."

मी पेन्सिलने बाजूला खूण केली. मॅडम मान खाली घालून बसल्या होत्या. समीनाने काकींच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला होता.

"घरच्यांना वाटलं की आता बरा झाला."

"न्हाय. तसा कदीच न्हाय वाटला."

पुढची ओळ दिसली आणि मी थांबले. ती गाळून पुढे जावं असं मनात आलं. पण काकी माझ्या बोटाकडे बघत होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी बोट थांबलंय हे कळत होतं.

"रुग्णाची स्वतःची इच्छा नव्हती," मी वाचलं.

काकींनी हात पुढे केला आणि त्या ओळीवर ठेवला. तळवा मिठागरात काम करून भेगाळलेला.

"ह्यो कोनी लिवला?"

समीना म्हणाली, "निलेशनेच सांगितलं होतं, काकी. इथे बसूनच."

काकींचा हात तसाच कागदावर. मग त्यांनी मान हलवली, आधी थोडी, मग जोरात.

"ह्यो खोटा हाय. त्याची इच्छा व्हती. तिसऱ्या डोसला त्यो सकालपासून बॅग भरून बसला व्हता. चुलतभाव गारी घेऊन दारात आलेला. मीच त्याला आतमदी कोंडला, कवाराला भायेरनं करी लावली." त्यांनी दम घेतला. "दोन येला हाक मारलीन मना. मंग न्हाय मारली."

मॅडमनी वर बघितलं. "पण काकी, का..."

काकींनी त्यांच्याकडे बघितलं नाही. कागदावरचा हात उचलला, पदराला पुसला आणि पिशवी पुन्हा नीट मांडीवर घेतली.

"त्याचा नाव खोर, आनि माझा नाव लिव," त्या मला म्हणाल्या. "आनि पुरचा वाच गो."